टीव्ही वाहिनीची वेबसाइट नेमकी कोणाच्या कामाची?

प्रश्न असा आहे: "मी एका टीव्ही वाहिनीच्या डिजिटल विभागात नुकताच रुजू झालो आहे. वेबसाइट नव्याने करायची आहे. पण प्रेक्षक ॲपवर आणि यूट्यूबवर असताना वेबसाइटने प्रेक्षकांसाठी नेमकं काय करायचं, हे कुणीच सांगत नाही. अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं."

मी अठरा वर्षं हेच काम केलं आहे, आधी वृत्तवाहिनीत आणि नंतर मनोरंजन वाहिनीत. त्यामुळे जरा लांबून सांगतो.

वेबसाइट नव्याने करायला घेतली की पहिल्याच बैठकीत प्रत्येक विभाग आपली जागा मागतो. मार्केटिंगला वरची मोठी पट्टी हवी असते. कार्यक्रम विभागाला नव्या मालिकेचा प्रोमो, विक्री विभागाला जाहिरातींचे चौकोन आणि वृत्त विभागाला ब्रेकिंगची लाल पट्टी. मागण्या सगळ्यांच्याच रास्त असतात. पण त्या सगळ्या पुऱ्या केल्या की मुखपृष्ठ म्हणजे कचेरीचा नकाशा होऊन बसतो, आणि प्रेक्षकाला त्या नकाशाशी काही देणंघेणं नसतं.

प्रक्षेपण लाखो लोकांना एकाच वेळी एकच गोष्ट देतं. वेबसाइटवर माणूस एकेकटा येतो, आणि बहुतेक वेळा काहीतरी अडलं म्हणून येतो. कालचा भाग चुकलेला असतो. संवाद नीट ऐकू आलेला नसतो. पडद्यावरचा हेल्पलाइनचा नंबर लिहून घ्यायच्या आत पट्टी सरकलेली असते. सामना किती वाजता आहे, त्या डॉक्टरांनी सांगितलेल्या आजाराचं नाव काय होतं, दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेवर दाखवलेली बातमी कुठे मिळेल, असे प्रश्न घेऊन तो येतो. प्रक्षेपणाची पद्धतच अशी आहे की या माणसापर्यंत ते पोहोचू शकत नाही. वेबसाइट त्याच्यासाठी असते. पुढचं सगळं मी याच एका मुद्द्यावर बेतून सांगतो आहे.

सुरुवात वेळापत्रकापासून. हे पान कुणालाच आवडत नाही, कारण त्यात चमक दाखवायला वाव नसतो. पण मी जिथे जिथे काम केलं तिथे लोक याच पानावर पुन्हा पुन्हा येत होते. कार्यक्रम विभाग ज्याला एफपीसी म्हणतो, तो तक्ता आठवड्यातून एकदा एक्सेलमध्ये यायचा आणि कुणीतरी हाताने वेबसाइटवर चढवायचं. एका रात्री थेट सामना लांबला आणि त्यामागचा चित्रपट पाऊण तास उशिरा लागला. वेबसाइटवर मात्र चार दिवसांपूर्वी चढवलेली वेळ तशीच होती. चित्रपट सुरू झाल्यावर रेकॉर्ड करू म्हणून बसलेल्या, लहान मुलांना मुद्दाम जागं ठेवलेल्या लोकांचे फोन रात्री साडेअकरापर्यंत येत राहिले. त्यांचा राग मला आजही योग्यच वाटतो. सामना लांबला याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. आम्हाला माहीत असलेली गोष्ट आम्ही त्यांना सांगितली नाही, ही त्यांची तक्रार होती.

मास्टर कंट्रोल रूममधल्या (एमसीआर) प्लेआउट यंत्रणेला, म्हणजे कार्यक्रम हवेत सोडणाऱ्या यंत्रणेला, त्या क्षणी काय हवेत जातं आहे आणि पुढे काय रांगेत आहे, हे सेकंदापर्यंत माहीत असतं. 'आत्ता सुरू' आणि 'यानंतर' या दोन ओळी थेट तिथून येऊ द्या. बाकीचा आठवडा तक्त्यातून आला तरी चालेल. हे जोडकाम फार अवघड नसतं. अवघड असतं ते एमसीआर आणि वेब या दोन विभागांना एका टेबलावर बसवणं.

वेळेचा आणखी एक घोळ आहे, आणि नवखा माणूस त्यात हमखास फसतो. टीव्हीचा दिवस मध्यरात्री संपत नाही. बहुतेक वाहिन्यांचा दिवस पहाटे पाच-सहाच्या सुमाराला सुरू होतो आणि दुसऱ्या पहाटेपर्यंत चालतो. त्यामुळे कार्यक्रम विभागाच्या लेखी 'शनिवारी रात्री दीड' म्हणजे कॅलेंडरवरचा रविवार. जपानमध्ये तर रात्री एकच्या कार्यक्रमाची वेळ २५:०० अशी छापतात, म्हणजे आदल्या दिवसाशी नातं तुटत नाही. तुमच्या पानावर अशा कार्यक्रमांपुढे 'शनिवारची रात्र उलटून रविवारी पहाटे १:३०' असं सरळ लिहा. आतमध्ये सगळ्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवा, दाखवताना पाहणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दाखवा आणि ही वेळ कुठली आहे तेही शेजारी लिहा. परदेशी गेलेला प्रेक्षक तुमच्या वेबसाइटवर सगळ्यात जास्त चुकतो तो इथेच.

प्रेक्षकाची ही गरज इंटरनेटच्याही आधीची आहे. बीबीसीने १९७४ साली सीफॅक्स सुरू केलं. टीव्हीच्या सिग्नलमधल्या न वापरलेल्या रेषांमधून अक्षरांची पानं पाठवायची आणि प्रेक्षकाने रिमोटवर तीन आकडी क्रमांक दाबून हवं ते पान बोलवायचं, अशी ती सेवा होती. हवामान, सामन्यांचे निकाल, प्रवासाची माहिती, कार्यक्रमांच्या वेळा असं सगळं तिच्यावर मिळायचं. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांना पडद्यावर शब्द कसे देता येतील, या शोधातून ती कल्पना पुढे आली होती, आणि ८८८ हे सबटायटलचं पान झालं. २३ ऑक्टोबर २०१२ रोजी ती सेवा बंद झाली. जवळजवळ चार दशकं लोकांनी ते पानांचे क्रमांक पाठ ठेवले, कारण क्रमांक बदलत नव्हते.

त्यावरूनच पुढचा मुद्दा, पत्त्याचा. माझ्या मते वाहिनीच्या वेबसाइटचं सगळ्यात मोठं काम म्हणजे प्रत्येक कार्यक्रमाच्या प्रत्येक भागाला एक पान आणि त्या पानाला कायमचा एक पत्ता देणं. बीबीसीने २००७ मध्ये हेच केलं. प्रत्येक भागाला अक्षरं आणि आकडे मिळून बनलेली एक छोटी ओळख दिली आणि तिच्यात वाहिनीचं नाव, तारीख, विभाग असलं काहीही घातलं नाही. ते का, तर मालिकेची वेळ बदलते, ती एका वाहिनीवरून दुसऱ्या वाहिनीवर जाते, विभागाचं नाव बदलतं, पण तो भाग तोच राहतो. पत्त्यात '/रात्री-नऊ/' असं घातलंत की मालिका साडेआठला सरकली त्या दिवशी तुमचा पत्ता खोटा ठरतो.

या पानावर काय असावं? कथेचा सारांश, कलाकारांची नावं, पहिल्या प्रक्षेपणाची तारीख, पुढचं पुनःप्रक्षेपण, चर्चेत आलेली पुस्तकं, दाखवलेले फोन नंबर, पार्श्वभूमीला वाजलेलं गाणं. गाण्याची चौकशी किती लोक करतात हे तुम्हाला पहिल्याच महिन्यात कळेल. आणि व्हिडिओ दाखवायचे हक्क संपले तरी हे पान काढायचं नाही. 'हा भाग आता ऑनलाइन उपलब्ध नाही' एवढं स्पष्ट लिहायचं आणि बाकीची माहिती जागेवर ठेवायची. पान उडवणं वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्या माणसाला न सांगता मुखपृष्ठावर ढकलून देणं. आपण चुकीचा पत्ता टाकला की यांनीच पान काढलं, हेसुद्धा त्याला समजत नाही.

एका वेबसाइटच्या नूतनीकरणात आम्ही दहा वर्षांचे पत्ते एका रात्रीत बदलले. जुन्यावरून नव्याकडे नेणारी यादी 'नंतर करू' म्हणून राहिली. शोधयंत्रांतून येणारे लोक आटले. पण मला जास्त लागलं ते एका शिक्षिकेचं पत्र. आमच्या विज्ञानाच्या कार्यक्रमाचे चाळीसेक भाग त्यांनी धड्यांप्रमाणे लावून वर्गाला दिले होते आणि त्यातला एकही दुवा उघडत नव्हता. आम्ही ती यादी पुढे तीन आठवडे खपून केली. आधी केली असती तर दोन दिवसांत झाली असती, कारण तेव्हा जुना डेटाबेस अजून चालू होता.

चुकलेला भाग पुन्हा दाखवणं, ही तर लोकांना वेबसाइटची ठरलेली सेवाच वाटते. बीबीसीचे कार्यक्रम ऑनलाइन दाखवणारं आयप्लेअर २००७ च्या नाताळात सुरू झालं तेव्हा बहुतेक कार्यक्रम सात दिवसच मिळत. २०१४ मध्ये ती मुदत तीस दिवसांवर गेली आणि २०१९ मध्ये नियामकाच्या मंजुरीनंतर वर्षापर्यंत वाढली. मुदत तंत्रज्ञानामुळे अडलेली नसते, ती करारामुळे अडलेली असते. लेखक, कलाकार, संगीत, चित्रपटाचे तुकडे, खेळांचे सामने या प्रत्येकाचे हक्क वेगळे, त्यांची मुदत वेगळी आणि देशही वेगळे. म्हणून तुम्ही कायदा विभागाकडून प्रत्येक भागाची दोन उत्तरं लेखी घ्या: ऑनलाइन कधीपर्यंत आणि कुठल्या देशांत. मग ती उत्तरं प्रेक्षकाला दिसतील अशी ठेवा. 'आणखी ५ दिवस उपलब्ध' हे चार शब्द असले की माणूस रविवारची वाट पाहायची की नाही ते ठरवू शकतो. 'तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही' असा संदेश व्हिडिओ सुरू करायचं बटण दाबल्यावर, दोन जाहिराती दाखवून झाल्यावर देणं मला अन्यायाचं वाटतं. तो पान उघडतानाच द्यावा. युरोपीय संघात १ एप्रिल २०१८ पासून पैसे भरलेल्या वर्गणीदाराला संघातल्या दुसऱ्या देशात तात्पुरतं गेल्यावरही त्याची सेवा मिळालीच पाहिजे असा नियम आहे, मोफत सेवांना तो ऐच्छिक आहे. बाकी जगात बहुतांशी करारात लिहिलेलं असेल तेच खरं.

आता सबटायटल. इथे मी थोडा हट्टी आहे.

वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या निकषांत रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओला सबटायटल देणं ही अगदी पहिल्या, म्हणजे 'ए' पातळीची अट आहे. थेट व्हिडिओचे सबटायटल आणि दृश्याचं बोलून वर्णन 'एए' पातळीवर येतं. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानुसार, जो कार्यक्रम टीव्हीवर सबटायटलसह दाखवला तो इंटरनेटवर टाकताना सबटायटल गाळता येत नाहीत. कायदा असो वा नसो, ऐकू कमी येणाऱ्या माणसाला टीव्हीवर जे मिळालं ते वेबसाइटवर न मिळणं याला काहीही सबब नाही. शिवाय झोपलेल्या बाळाशेजारी बसलेली आई, गर्दीच्या डब्यातला प्रवासी, भाषा नव्याने शिकणारा माणूस हे सगळे त्याच ओळी वाचतात.

पण सबटायटलची फाइल जोडली म्हणजे काम झालं, असं नाही. दोन ठिकाणी हमखास गडबड होते. एक, थेट कार्यक्रमाचे सबटायटल बऱ्याच ठिकाणी माणूस ऐकून, पुन्हा स्वतः उच्चारून संगणकाकरवी टंकलिखित करून घेतो, त्यामुळे ते बोलण्याच्या काही सेकंद मागे असतात. थेट पाहताना ते समजून घेता येतं. तोच कार्यक्रम नंतर वेबसाइटवर टाकताना मात्र ते अंतर तसंच राहिलं तर विनोदावर लोक हसून झाल्यावर विनोद वाचायला मिळतो. रेकॉर्डिंग चढवण्याआधी सगळ्या ओळी तेवढे सेकंद आधी आणून ठेवा. दोन, ऑनलाइन आवृत्तीतून जाहिरातींची मध्यंतरं कापली जातात, पण सबटायटलची फाइल मूळ टेपच्या वेळेवर असते. पहिल्या मध्यंतरापर्यंत सगळं जुळतं आणि पुढे प्रत्येक मध्यंतरामागे ओळी तीन-तीन मिनिटं घसरत जातात. तपासणारा माणूस पहिली दोन मिनिटं पाहून 'ठीक आहे' म्हणतो आणि चूक प्रेक्षकापर्यंत जाते. आमचा नियम होता की तपासणी नेहमी शेवटच्या पाच मिनिटांची करायची. हा एक नियम लावल्यावर तक्रारी जवळजवळ थांबल्या.

याच सबटायटलच्या मजकुरातून तुम्हाला आतल्या शोधाची सोयही मिळते. 'त्या भागात कुठेतरी धरणाबद्दल बोलले होते' एवढंच आठवणाऱ्या माणसाला थेट त्या मिनिटावर नेता येतं. म्हणजे ज्या कामाला खर्च म्हणून विरोध होतो, त्याचा उपयोग वेबसाइटवर येणाऱ्या प्रत्येकालाच होतो.

वृत्तवाहिनीसाठी वेगळं सांगण्यासारखं एवढंच की सबंध बातमीपत्र एका तुकड्यात चढवू नका. रनडाऊनमध्ये, म्हणजे बातमीपत्राच्या क्रमवार यादीत, प्रत्येक बातमीची सुरुवात आणि शेवट लिहिलेलाच असतो, त्यावरून तुकडे करा. प्रत्येक व्हिडिओखाली निदान चार परिच्छेद मजकूर द्या आणि तारीख मथळ्याजवळ ठळक लिहा. जुन्या पुराची दृश्यं नव्या पुरात फिरायला लागतात तेव्हा ती तारीखच कामाला येते. आणि हवेत चूक गेली असेल, तर त्याच पानावर दुरुस्ती लिहा, केव्हा केली त्या वेळेसह.

आणीबाणीचा दिवस मात्र आधीच बांधून ठेवावा लागतो. ११ सप्टेंबर २००१ रोजी जगभरातले लोक एकाच वेळी बातम्यांच्या वेबसाइटवर गेले आणि मोठमोठ्या वेबसाइट उघडेनाशा झाल्या. सीएनएनने तेव्हा आपलं मुखपृष्ठ चित्रं, जाहिराती, सजावट काढून अगदी हलकं केलं, म्हणून ते पुन्हा लोकांपर्यंत जाऊ लागलं. २०१७ च्या सप्टेंबरमध्ये अर्मा चक्रीवादळाच्या वेळीही त्यांनी निव्वळ मजकुराचं हलकं पान लोकांपुढे ठेवलं. वादळात वीज गेलेली असते, म्हणजे टीव्ही बंद असतो. हातात उरतो तो संपत आलेल्या बॅटरीचा फोन आणि कशीबशी मिळणारी रेंज. ज्या तासाला लोकांना वाहिनीची सगळ्यात जास्त गरज असते, नेमक्या त्याच तासाला वाहिनी त्यांना दिसू शकत नाही. तेव्हा वेबसाइटच वाहिनी असते.

म्हणून एक हलकं पान आजच तयार करा. फक्त मजकूर, प्रत्येक ओळीला वेळ, नवीन ओळ सगळ्यात वर, ठिकाणाचं नाव ओळीच्या सुरुवातीला. ते चालू करायला अभियंता लागता कामा नये, रात्रपाळीच्या उपसंपादकाला एका बटणावर जमलं पाहिजे. महिन्यातून एकदा ते चालू करून पाहा. आणि भाषा सोपी ठेवा. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेने २०१२ पासून सोप्या जपानीतल्या बातम्यांची वेगळी सेवा चालवली. लहान वाक्यं, अवघड शब्दांचे अर्थ, कांजी लिपीवर उच्चार. परदेशातून आलेले लोक आणि मुलं यांना डोळ्यांसमोर ठेवून ती केलेली होती. संकटात घाबरलेल्या माणसालाही तशीच वाक्यं लागतात.

थेट प्रक्षेपण वेबसाइटवर देणार असाल तर एक गोष्ट प्रेक्षकापासून लपवू नका: ते मागे असतं. २००९ मध्ये ॲपलने आणलेल्या एचएलएस पद्धतीत व्हिडिओचे छोटे तुकडे करून पाठवतात. साधारण सहा सेकंदांचा एक तुकडा, आणि प्लेअर तीनेक तुकडे हाताशी ठेवून मग दाखवायला लागतो. त्यात एन्कोडिंगचा, म्हणजे चित्र इंटरनेटसाठी बदलून घ्यायचा, वेळ मिळवला की सहज वीस-तीस सेकंद होतात. कमी विलंबाची पद्धत २०१९ मध्ये जाहीर झाली, पण ती प्रत्येक ठिकाणी लावलेली नसते. परिणाम असा की शेजारच्या घरातून जल्लोष ऐकू येतो आणि तुमच्या पडद्यावर खेळाडू अजून धावतो आहे. याहून वाईट म्हणजे त्याच पानावरचा तुमचाच धावता स्कोअर व्हिडिओच्या पुढे असतो. व्हिडिओ चालू असताना तो स्कोअर आपोआप झाकून ठेवा, आणि जो माणूस त्या क्षणी सामना पाहतो आहे त्याला मोबाइलवर सूचना थोडी उशिरा जाऊ द्या.

यूट्यूब आणि ॲपबद्दल. दोन्ही हवेत. यूट्यूबवर नवे लोक भेटतात, ॲपवर रोजचे. पण यूट्यूबवर तुमच्या भागानंतर काय दाखवायचं ते तुम्ही ठरवत नाही. ॲप आधी उतरवून घ्यावं लागतं, आणि एका फोन नंबरसाठी कुणी ॲप उतरवत नाही. वेबसाइटचा दुवा मात्र कुणीही कुणालाही पाठवू शकतो आणि तो कुठल्याही फोनवर उघडतो. म्हणून मूळ प्रत आणि मूळ माहिती वेबसाइटवर ठेवा, बाकी ठिकाणी तिथून जाऊ द्या. अँकर 'अधिक माहिती आमच्या वेबसाइटवर' असं म्हणणार असेल तर ते पान आधी तयार हवं, पत्ता बोलता येण्यासारखा हवा आणि पडद्यावर निदान दहा सेकंद राहायला हवा. हे रनडाऊनमध्येच लिहून घ्या. कारण ते वाक्य हवेत जाताच लोक एकदम येतात, आणि पान नसेल तर पुढच्या वेळी येत नाहीत.

प्रतिक्रियांची सोय ठेवायची तर वाचायला माणूस ठेवा, नाहीतर ठेवू नका. तक्रारीचं पान मात्र हवंच, आणि उत्तर किती दिवसांत येईल ते त्यावर लिहा.

तुम्ही नुकतेच रुजू झाला आहात, तर डिझाइनच्या बैठकांना जाण्याआधी एक आठवडा प्रेक्षक-संपर्काच्या टेबलाशी बसायची परवानगी मागा. आलेला प्रत्येक फोन आणि प्रत्येक मेल वहीत लिहून काढा, त्या माणसाच्या शब्दांत. मी पहिल्यांदा बसलो तेव्हा तिसऱ्या दिवशी एका आजोबांचा फोन आला होता. त्यांना फक्त विचारायचं होतं की रात्रीच्या बातम्यांचे मथळे वेबसाइटवर मोठ्या अक्षरात दिसतील का. आम्ही अक्षरं मोठी करायचं बटण दिलं होतं, पण ते फिक्या करड्या रंगात पानाच्या अगदी तळाशी होतं. त्या आठवड्यात आम्ही ते वर आणलं आणि काळं केलं.